आत्याची फिरती

आत्या जागची हलायला तयार नव्हती आणि मला एका जागी उभं राहवत नव्हतं. आमच्या भांडणाचं मूळ म्हणाल तर एवढंच.

काशीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐंशीच्या घरातली, विधवा, मूलबाळ नाही, आणि हट्ट असा की न्हावा शेव्याच्या क्रेननेही हात टेकावेत. जासईच्या जवळ, आमच्या गावाच्या वेशीबाहेर, जुन्या मिठागराच्या बांधाला लागून तिच्या दोन खोल्या. समोरून दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर जातात. रस्ता रुंद व्हायचा होता, त्यात तिची जागा जात होती, आणि दिवाळी झाली की केव्हाही जेसीबी येणार हे पक्कं होतं. माझा उलव्याला फ्लॅट आहे. तिच्यासाठी एक खोली रिकामी केली, रंग दिला. लिफ्ट आहे, समोर बाग आहे, खालीच दवाखाना आहे, हे ऐकवून ऐकवून माझं तोंड दुखलं. ती नुसती मागच्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवायची.

"गाडी जाईल तिथं मी येन. गाडी नाय तर मी पन नाय."

शेडमध्ये ताडपत्रीखाली एक काळं, अंड्यासारखं धूड होतं. लहानपणी आम्ही त्याला पाण्याची टाकी समजायचो. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान हिरामण, फिरतीच्या नोकरीवर होते, एवढंच आमच्या घरात सांगत. आत्या गणपतीला का येत नाही? फिरतीवर आहे. काकाच्या लग्नाला का नाही आली? फिरतीवर आहे. मला आठवते ती पहिली आत्या आतोबा वारल्यानंतरची, रिकाम्या कपाळाची. माझ्या वडिलांनी, कमळाकरांनी, तिला बांधावर या खोल्या बांधून दिल्या. मागोमाग ते धूडही आलं. वेशीबाहेरच का, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तर एका सकाळी मी वैतागून ताडपत्री ओढली. म्हटलं बघू तरी, कशापायी म्हातारी अडून बसलीय.

माझं कंटेनर दुरुस्तीचं शेड आहे. वाकलेले पत्रे सरळ करणं, कुजलेल्या फळ्या बदलणं, दारांना रबर बसवणं हा माझा धंदा. पत्र्याकडे नुसतं बघून त्याची जात सांगतो, असा माझा समज होता. धूड डांबराने माखलेलं होतं. किल्लीने खरवडलं तर खालून लख्ख चांदीसारखं निघालं. लोखंड असतं तर खाडीच्या हवेने त्याची कधीच चाळण झाली असती. हे अॅल्युमिनियम होतं. दोन चाकं, एक बुटकं दार, दोन गोल खिडक्या, आत लाकडी बाक आणि ओट्याएवढी फळी. म्हणजे ही कॅराव्हॅन. आमच्या गावात, बांधावर, माझ्या आत्याच्या मागच्या शेडमध्ये.

"आत्या, कुठली गाडी ही?"

"जर्मनची," आत्या म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

झालं. माझ्या पायाला आधीच भिंगरी, त्यात हे. दुपारपर्यंत मी दिनानाथांना फोन लावला होता. दिनानाथ ऐरोलीच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. जुन्या गाड्यांचं वेड. खोपोलीकडे त्यांच्या एका सधन मित्राने जुन्या गाड्यांचं संग्रहालय काढलंय, तिथे काय घ्यायचं काय नाही हे दिनानाथ ठरवतात. संध्याकाळी ते भिंग, टॉर्च आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन हजर. गृहस्थ भला. चिखलात पालथा पडून त्याने गाडीची खालची बाजू तपासली.

"नंबरची पट्टी कुठे दिसत नाही हो हरेशराव. एक्सल तर जुन्या जीपचा वाटतो, म्हणजे नंतर बदलला असणार. आणि ही पुढची दांडी इतकी लांब का? जर्मन गाड्यांची एवढी लांब नसते."

"ट्रॅक्टरला जोडत असतील," मी म्हटलं.

"असेल. तिकडे शेतकरीही वापरायचे म्हणे." छपरावरचं गोल, फुगीर झाकण त्यांनी बराच वेळ निरखलं. "हे मात्र मी कुठेच पाहिलं नाही. हवेसाठी आहे, पण असं? एखाद्या छोट्या कारखान्याने मोजक्याच गाड्या काढल्या असतील. जर्मन आहे हे नक्की ना?"

"माझी आत्या खोटं कशाला बोलेल?"

दिनानाथांनी फोटो परदेशातल्या जाणकारांना पाठवले. तिकडेही वाद लागला. एक म्हणाला साठच्या दशकातली, दुसरा म्हणाला त्याच्याही आधीची, तिसऱ्याने ती पूर्व जर्मनीची असल्याचं सांगून टाकलं. नाव सापडेना, पण देशाबद्दल कुणाला शंका नव्हती, कारण देश मी सांगितला होता. दिनानाथ म्हणाले, गाडी नीट उभी करून द्या, कुळी आपण शोधूच, संग्रहालयात काचेच्या दालनात ठेवू. मला हायसं वाटलं. गाडीला सन्मानाची जागा मिळाली की आत्या काय बोलणार?

आत्या बोलली. "काचंच्या घरात मना पन ठेवतील काय?"

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला घाई होती. गावच्या ग्रुपवर मी आधीच फोटो टाकून बसलो होतो, 'आमच्या घरची जर्मन कॅराव्हॅन.' अंगठे, फुलं, हार यांचा खच पडला. उरणच्या एका मुलाने येऊन रील काढलं, त्यात मी हात हलवून जर्मन कारागिरीबद्दल बोलतोय. ते रील आजही फिरतंय. नका बघू.

कामाला लागलो. सकाळी माझं शेड, दुपारी बांधावर, पुन्हा शेड, पुन्हा बांध. जेवण उभ्यानेच. डांबर घासायला मी ग्राइंडर आणला तर आत्याने त्याची वायरच उपटली. पत्रा पातळ हाय, म्हणे, फाटंल. मग रॉकेल, चिंध्या आणि लाकडी पट्टी. बोटं सोलली. हातभर पत्रा उघडा व्हायला अर्धा दिवस लागायचा, आणि मला अर्धा दिवस एका जागी बसायची शिक्षा. मधेच मी चाकांकडे जायचो, मधेच खिडक्यांच्या रबराकडे, ते मी थेट जर्मनीहून मागवलं होतं आणि ते अर्थातच बसत नव्हतं.

गाडी जसजशी उजळायला लागली तसतशी आत्या बिथरायला लागली. ती आनंदेल असं मला वाटलं होतं. उलट ती सारखी आत-बाहेर करायची, रस्त्याकडे बघायची. ऊन उतरलं की ताडपत्री ओढायची. एकदा तर ताडपत्री पुरली नाही म्हणून तिने आपली नऊवारी आणून दरवाज्यावर टाकली.

"अगं, वाळू दे की तिला. कशाला झाकतेस?"

"चमकते."

"चमकायलाच पाहिजे! त्याच्यासाठीच मरतोय ना मी?"

"तुना नाय कळनार," ती म्हणाली आणि साडीचं टोक खिडकीच्या कडीत खोचत राहिली. मी चिडून निघून गेलो. त्या काळात मी रोजच चिडून निघून जात होतो आणि तासाभराने परत येत होतो.

एका रविवारी संध्या आली, माझी बायको. ती ऐरोलीला नोकरी करते, मूळची कराडकडची. माझं हे गाडीचं वेड तिने लांबूनच सहन केलं होतं. ती चहा ठेवायला आत गेली. मी ओट्याशी उभा राहून दिनानाथांशी फोनवर बोलत होतो.

"संध्या, त्या स्टीलच्यात नको ठेवू, करपतो," आत्या म्हणाली. "जर्मनचा टोप घे. तो फळीवरचा."

संध्याने टोप घेतला. पाणी घातलं. मग तिचा हात थांबला. तिने टोपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि टोप तसाच घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली. मी फोन कानाला लावून तिच्या मागे. ती गाडीसमोर उभी राहून छपराकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "ते वरचं झाकण आहे ना, तो टोप आहे. पालथा. कान कापलेत त्याचे, पण काठ बघा. आमच्याकडे पंगतीच्या भाताला असला असतो."

"कसला टोप?"

"जर्मनचा," संध्या म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

शब्द मला ठाऊक नव्हता असं नाही. आमच्या आईच्या फळीवर सगळी भांडी जर्मनचीच होती. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात, जर्मनचा डबा. अॅल्युमिनियम हा शब्द मी शाळेत शिकलो. पण तोच शब्द गाडीला लागला आणि त्याचा देश झाला. तिकडे परदेशातले जाणकार कपाळाला आठ्या घालून पूर्व की पश्चिम ठरवत बसलेत, आणि इकडे आत्याने एवढंच सांगितलं होतं की गाडी कशाची आहे. मी कुठली विचारलं, तिने कशाची सांगितलं. फोनमध्ये दिनानाथ हॅलो हॅलो करत होते. मी फोन ठेवला. ते रील आठवलं आणि अंगाची लाही लाही झाली.

आत जाऊन मी ओरडलोच. "आत्या, मग बनवली कोणी ही?"

"कोनी म्हंजे? त्यांनी. आनि मी."

"अगं, आतोबा तर फिरतीच्या नोकरीला होते."

"नोकरी कसली," आत्या म्हणाली. "गावानं पाठवला फिरतीवर."

मग तिने सांगितलं. रडून नाही, आढेवेढे घेऊनही नाही. मेथी निवडावी तसं एकेक वेगळं करून सांगितलं. गावकीने, म्हणजे गावच्या पंचांनी, तिचं लग्न एका घरी ठरवलं होतं. तिने कोर्टात जाऊन हिरामणशी केलं. गावाने दोघांना वाळीत टाकलं. विहिरीवर पाणी नाही, दुकानात मीठ नाही, त्यांना खोली देईल त्याला दंड. माझ्या आजोबांना ताकीद मिळाली आणि त्यांनी ती पाळली. बाबा तेव्हा कोवळे होते, नंतर मोठे झाले, आणि त्यांनीही पाळली.

"जमिनीवर घर बांधाल तर मोडू, गाववाले बोलले. मंग हे बोलले, जमिनीवर नको. चाकावर बांधू."

आतोबा मुंबईत जर्मनच्या भांड्यांच्या कारखान्यात होते. डाग पडलेला, बाद झालेला पत्रा ते मालकाकडून मागून आणत. भायखळ्याच्या एका गोठ्यामागे दोघांनी मिळून गाडी उभी केली. जीपचा एक्सल भंगारातला. लांब दांडी बैलांसाठी, कारण जीप कुठली असायला. आतोबा बाहेरून हातोडा मारत आणि आत्या आत बसून जड लोखंड पत्रे सांधणाऱ्या खिळ्याला, रिबिटाला, टेकवून धरी. एकट्याने ते काम होत नाही. आतून कुणी धरलं नाही तर रिबिट नुसतं नाचतं.

"आणि तो टोप?" संध्याने विचारलं.

"आमच्या लग्नात कोनी जेवला नाय. हे बोलले, पंगत नाय तर नाय, टोप तरी मिरवू."

पुढे वर्षानुवर्षं ते दोघं तालुकाभर फिरले. फुटकी भांडी सांधून द्यायची, चार दिवस राहायचं, कुणीतरी येऊन सांगायचं की इथे थांबू नका, मग बैल जोडायचे. गाडी लांबून चमकायची, त्यामुळे निरोप त्यांच्या आधी पुढच्या गावात पोचलेला असायचा. म्हणून एका पावसाळ्याआधी आत्याने स्वतःच्या हाताने तिला डांबर फासलं. आतोबा गाडीतच गेले. त्यानंतर गावाने आत्याला माफ केलं, म्हणजे असं गावाचं म्हणणं. बाबांनी बांधावर खोल्या बांधल्या.

मला राग आला. आत्याचा आला, की ही इतकी वर्षं गप्प कशी राहिली. बाबांचा आला, पण ते वारलेत. आजोबांचा आला, त्यांच्या फोटोला माझ्या फ्लॅटमध्ये रोज हार असतो. आणि सगळ्यात जास्त आला त्या 'फिरती' शब्दाचा. काय सोज्वळ शब्द शोधला होता आमच्या घरच्यांनी. मी बाहेर येऊन बांधावर येरझाऱ्या घालत राहिलो, ट्रेलर मोजावेत तशा शिव्या मोजत.

दिनानाथांना मी दुसऱ्या दिवशी खरं ते सांगितलं. "म्हणजे घरगुती आहे तर." मी म्हटलं, हो, घरगुती. त्यांच्या मित्राला घरगुती नको होती. काचेचं दालन गेलं. दिनानाथ मात्र त्या रविवारी जुन्या मापाचे दोन टायर घेऊन आले, स्वतः बसवून दिले आणि जाताना आत्याच्या पाया पडले. वर रिबिटांची ओळ एकसारखी आल्याबद्दल तिला शाबासकी दिली.

आता गाडी कुठे न्यायची, हा प्रश्न उरला नव्हता. माझ्या शेडच्या मागच्या बाजूला जागा होती. नळ आहे, संडास आहे, पिंपळाची सावली आहे. उलव्याच्या सोसायटीने मोटरसायकल जास्तीची लावू दिली नसती, गाडी कसली लावू देतात. मी आत्याला म्हटलं, तू फ्लॅटमध्ये राहा, वाटेल तेव्हा गाडीत येऊन बस. ती म्हणाली, मी गाडीत राहीन, वाटेल तेव्हा फ्लॅटमध्ये येऊन बसेन. एवढ्यावर मिटलं. म्हणजे तिचंच झालं, पण निदान ती हलायला तयार झाली होती.

एक पत्रा मागच्या बाजूने सुटला होता. मी माझ्या सवयीने एका बाजूने मारायचे झटपट रिबिट आणले, ते आमच्या धंद्यात सगळीकडे चालतात. आत्याने एक बघितलं आणि फेकून दिलं. मग ती बुटक्या दारातून वाकून आत गेली, बाकाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "मार." मला दिसत नव्हती. मी हातोडा मारला की आतून लोखंडाचा टेका यायचा, बरोबर त्याच जागी, न हलता. माझा नेम चुकायचा, तिचा नाही. पहिल्यांदाच माझं मन कुठे पळालं नाही. शेवटी ती दमली, तरी पत्रा पुरा होईस्तोवर बाहेर आली नाही.

निघायच्या दिवशी सकाळीच मी बोलेरोला गाडी जोडली. आत्या माझ्या शेजारी पुढे बसली, मांडीवर देव गुंडाळलेला टॉवेल. सर्व्हिस रोडने नेणार होतो. पण नेहमीप्रमाणे ट्रेलर अडकलेले, एकामागे एक, शेपूट पार पुलापर्यंत. मी हॉर्न वाजवला, स्टीअरिंगवर हात आपटले.

"गावातनं जा," आत्या म्हणाली.

"नक्की?"

"रस्ता हाय ना तिथनं?"

गावातून निघालो. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं, गॅलऱ्यांत माणसं. डांबर गेलेली गाडी उन्हात अशी झळाळत होती की पोरं डोळ्यांवर हात धरून धावत आली. फोन निघाले. कुणी ओरडलं, 'हरेशदादाची जर्मन आली!' देवळाच्या चौकात गर्दीने मला थांबायलाच लावलं.

देवळाच्या पायरीशी खुर्ची टाकून हौसेराव बसले होते. तेव्हाच्या पंचांपैकी हयात असलेले हे एकटेच, हे आत्याने मला सांगितलं होतं. ते काठी टेकत उठले, गाडीभोवती फिरले, पत्र्यावरून हात फिरवला. मग माझ्या खिडकीशी येऊन आत वाकून पाहिलं.

"काशे, तू हायस व्हय? कवा घेतली गं ही? झकास हाय." आणि मला म्हणाले, "लाव ना इथं देवळासमोर. चार दिवस ऱ्हाऊ दे. गावाला शोभा येल."

माझा हात दाराच्या कडीवर गेला. मला खाली उतरायचं होतं. त्या सगळ्या फोनांसमोर, रीलमध्ये बोललो होतो त्याच्या दहापट आवाजात मला सांगायचं होतं की ही कुणाची गाडी आहे आणि ती इथून कुणी काढून दिली होती. आत्याने माझं मनगट धरलं. रिबिटाखाली लोखंड धरलं होतं त्याच हाताने, त्याच जोराने.

"दार नको उघडू."

"आत्या, सांगू दे मला."

"सांगशील. मंग तो म्हातारा रडंल. आनि रडला की पानी मनाच द्यावं लागंल." तिने हौसेरावांकडे पाहून मान हलवली, पाहुण्याला हलवतात तशी. "चल."

मी गिअर टाकला. लोक बाजूला झाले. गाव संपलं, मोठा रस्ता लागला. आत्या समोर बघत होती.

"तुझ्या शेडात," तिने विचारलं, "किती दिवस ऱ्हाऊ देतील?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"कोण देतील? जागा माझी आहे, आत्या."

"तुझी हाय, ते बराबर. पन ऱ्हाऊ किती दिवस देतील?"

"तू म्हणशील तेवढे."

तिने ते ऐकून घेतलं. पुढचा सिग्नल लागला, सुटला. बाजूने ट्रेलर घरघरत गेले.

"मंग फनस लावू काय?" ती म्हणाली. "धरायला सात-आठ वर्सं घेतो तो."

"लाव," मी म्हटलं.